फणीत न आलेले केस

आमच्या मुलीचे केस गळत नाहीत याचा घरात केवढा अभिमान होता. दर रविवारी बायको तिला पुढ्यात बसवून तेल लावायची. फणीत जेमतेम एखाददुसरा केस यायचा. मुलुंडच्या आमच्या सोसायटीतल्या बायका त्या तेलाची कृती विचारून गेल्या होत्या. भांगापाशी टाळू दिसू लागली तेव्हा आम्ही तेल वाढवलं. केस डोक्यावर नाहीत, फणीत नाहीत, उशीवर नाहीत, मग गेले कुठे? साधी वजाबाकी होती. जन्मभर आकड्यांत वावरलेल्या मला ती सुचली नाही.

नववीत तिचं जेवण तुटलं. दोन घासांत पोट भरायचं, मग उलटी. वजन एक्केचाळीसवरून पस्तीसवर आलं, हिमोग्लोबिन सातवर. आधी पित्ताचं औषध झालं, मग लोहाच्या गोळ्या. शेवटी सोनोग्राफी आणि दुर्बिणीची तपासणी झाली.

"पोटात केसांचा गोळा आहे," सर्जन म्हणाले. "तोंडावाटे निघणार नाही इतका मोठा. पोट उघडावं लागेल."

"पण डॉक्टर, हिचे केस गळतच नाहीत हो," बायको म्हणाली.

"गळत नाहीत, ताई. ती उपटते आणि खाते."

मुलगी भिंतीकडे बघत राहिली.

ऑपरेशननंतर त्यांनी मला एकट्याला बोलावून ट्रे दाखवला. काळा, चकचकीत, हुबेहूब जठराच्या आकाराचा गोळा. साच्यातून काढावा तसा. वास सहन होत नव्हता. काहीतरी विचारायचं म्हणून मी त्याचं वजन विचारलं.

"वजनाचं काय घेऊन बसलात? पोट मी रिकामं केलं. ती सवय माझ्या सुरीखाली येत नाही. हा परत झाला तर परत उघडावं लागेल."

ते वाक्य मी घरी घेऊन आलो. बायकोचं मत, सरळ टक्कल करावं. मुलगी रडून म्हणाली, "आई, शाळेत माझी वाट लागेल गं." मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंनीही नको सांगितलं. हा खोडसाळपणा नाही, म्हणाल्या; हात कधी जातो ते तिचं तिलाच कळत नाही, ते आधी कळायला शिकू दे. अभ्यास करताना मुठीत मऊ चेंडू, बोटांना चिकटपट्टी, दर आठवड्याला त्यांच्याकडे बसणं. "आणि पहारा ठेवू नका," हे मला उद्देशून.

पहारा नको म्हणजे काय करायचं, ते मला जमेना. पेपर वाचतो तो वरच्या कडेवरून तिच्याकडे बघत. तिचा हात कानामागे गेला की मी तीच ओळ परत वाचतो. ती आंघोळीला गेली की तिची उशी उलटून बघतो.

"बाबा, तुझा सीसीटीव्ही बंद कर ना," ती म्हणते.

गेल्या रविवारी तेल लावताना बायकोचा हात थांबला. फणीत केसांचं चांगलं गुंतवळ आलं होतं. गळणारे केस, कुणाचेही गळतात तसे. पूर्वी तिने तेलाला नावं ठेवली असती. आता ते हातात धरून बसून राहिली. मुलीने ते घेतलं, बोटांवर गुंडाळलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

"घे. मोज."

मी ते कागदात बांधून कचऱ्यात टाकलं. परत येऊन बसतो तोच तिचा हात भांगाकडे गेला. तेल पुसायला की कशाला, कळलं नाही. टीव्हीवर मॅच चालू होती. मी मान तिकडे वळवली आणि तशीच ठेवली. स्कोअर काय होता, मला सांगता येणार नाही.