आत्याबाईंच्या डोळ्यांचं पथ्य

पथ्य हा शब्द ऐकला की अजूनही माझं डोकं तापतं. चारचौघांत मी काही बोलत नाही, मान खाली घालून ऐकते. पण या वहीला मी कशाला लाजू? म्हणून लिहिते.

निजामाचं राज्य जाऊन तीन-चार वर्षं झाली असतील. राणीसावरगावच्या जवळ आमचं खेडं. घरात शेळ्या-मेंढ्या, थोडी कोरडवाहू जमीन. दसरा झाला की माझे मालक मेंढरं घेऊन दूर चारायला जायचे, ते पाऊस पडायच्या सुमाराला परत. मागे घरात आम्ही तिघं. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची; माझे मोठे दीर; आणि मी. दिरांची बायको वारली होती. घर सगळं त्यांच्या शब्दावर चालायचं. लग्नाला सहा वर्षं झाली तरी मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. मोठ्या दिराशी बोलायची रीतच नव्हती. त्यांना मला काही सांगायचं असलं की ते भिंतीकडे बघून आत्याबाईंना म्हणायचे, "तिला म्हणावं, भाकर वाढ."

त्या पावसाळ्यात आत्याबाईंना हगवण लागली, ती थांबेचना. साठी ओलांडलेली बाई, दिवसातून सात-आठ वेळा तांब्या घेऊन उठायची. दिरांनी कुणाकुणाला विचारून पथ्य ठरवलं. ज्वारीच्या कण्या पाण्यात शिजवायच्या, मीठ टाकायचं, झालं. तेलाचा थेंब नाही, पालेभाजी नाही, डाळ नाही. आठ दिवसांचं पथ्य दिवाळी होऊन गेली तरी चालूच होतं. पोट काही बरं झालं नाही, आत्याबाई मात्र वाळून गेल्या.

मग एका संध्याकाळी त्या अंगणातच दाव्याला अडखळून पडल्या. मला वाटलं, अशक्तपणा. दुसऱ्या दिवशी दिवस मावळताना त्या भिंत चाचपत आत आल्या. दिवसा त्यांना दिसायचं, अंधारून आलं की काही दिसायचं नाही. शेजारणी म्हणाल्या, "मोतीबिंदू हाय. पिकू द्या, मग काढतेत." आत्याबाईही हसत म्हणायच्या, "पिकू दे बाई, पाडाला तर लागू दे."

थोड्या दिवसांनी मी त्यांचे डोळे नीट पाहिले. बुबुळाच्या शेजारी साबणाच्या फेसासारखं पांढरं काहीतरी चिकटलं होतं आणि डोळ्यांतलं पाणी आटलं होतं. ते पांढरं दिरांनीही पाहिलं आणि त्यांना नवीन सुचलं. डोळ्यात पांढरं आलंय, तर आईनं पांढरं खायचं सोडायचं. दूध, दही, ताक, लोणी, सगळं. आत्याबाईंना देवळात नेऊन त्यांनी देवापुढं नारळ फोडून वदवून घेतलं, दिसायला लागेपर्यंत पांढरं तोंडात घालणार नाही. घरात दुभत्या शेळ्या, रोज तांब्याभर दूध दिरांच्या चहाला आणि उरलेलं शेजाऱ्यांना. आत्याबाईंना कण्या आणि मीठ. मीठही पांढरंच असतं, हे माझ्या मनात तेव्हाही आलं होतं.

शेवटी माझ्या मालकांच्या मामांनी फार बोलून घेतलं तेव्हा दिरांनी बैलगाडी जुंपली आणि आम्ही गंगाखेडच्या दवाखान्यात गेलो. आत्याबाईंना वाटेत चार वेळा उतरवावं लागणार, म्हणून मला सोबत घेतलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी डोळे पाहिले आणि विचारलं, "पोट कसं आहे? खाता काय?"

दीर हसले. "साहेब, डोळे दाखवायला आणलं, अन् तुमी पोटाचं इचारायलात!"

डॉक्टर हसले नाहीत. हगवणीचं आणि कण्यांचं त्यांनी आत्याबाईंकडूनच ऐकून घेतलं. म्हणाले, "हा मोतीबिंदू नाही. डोळे कोरडे पडलेत. खाल्लेलं पोटात टिकत नाही आणि खायला देता ते असं. मग डोळ्यांना कुठून मिळणार? पोटासाठी पुड्या देतो. पालेभाजी तेलात शिजवून द्या, दूध द्या, शेळीचं काळीज मिळालं तर द्या. हे माशाचं तेल रोज दोन चमचे. डाव्या डोळ्याची घाई करा. अजून वाचेल, पण उशीर केलात तर फुटेल."

मी पदराआडून एकेक शब्द ऐकला. मला दोनदा सांगावं लागलं नसतं.

परतताना गाडीत दीर म्हणाले, "कालचं पोरगं. देवाला सांगून सोडलंय, त्ये काय हा सांगतोय म्हणून खायचं?" पुड्या तेवढ्या द्यायला त्यांनी हरकत घेतली नाही. आणि माशाचं तेल? त्याचा वास येतो म्हणून ती बाटली गोठ्यात गेली. बैलाच्या खांद्याला जू घासून जखम झाली होती, तिच्यावर त्यांनी ते चोळलं. बैलाचा खांदा बरा झाला. हे लिहिताना आजही माझे दात आवळले जातात.

मी काय केलं? काही नाही. पुड्या दिल्या. पंधरा-वीस दिवसांत हगवण थांबली. मला वाटलं, आता दीर आपणहून पथ्य सोडतील. ते म्हणाले, "बघा, पथ्यानं गुण आला." आणि कण्या चालूच राहिल्या. मी एकदा गुपचूप दुधाची वाटी आत्याबाईंच्या हातात दिली. त्यांनी वास घेतला आणि वाटी खाली ठेवली. "सोडलंय म्या. देवाला तोंड दाखवायचंय पोरी, मला पापात पाडू नको." मी ते दूध मांजरीला घातलं.

माघात आत्याबाईंचा डावा डोळा दुखायला लागला. तीन दिवस त्या कपाळ धरून बसल्या. मग दुखणं थांबलं आणि डोळ्यात फूल पडलं. बुबुळाच्या जागी शिजलेल्या अंड्यासारखं पांढरं. दीर म्हणाले, "नशीब."

त्या दिवशी माझ्या अंगात काय आलं कोण जाणे. मी दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जायची. तिथून ओटीत हरभऱ्याचा कोवळा पाला आणि करडईची भाजी आणली. बारीक चिरली, करडईच्या तेलात परतली आणि कण्यांमध्ये कालवून आत्याबाईंपुढं ठेवली. पाल्यावर देवाचं काही वचन नव्हतं, ते नुसतं दिरांचं पथ्य होतं. त्यांनी घास घेतला, चघळला, वाडगं चाटून पुसून दिलं. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी दीर अवेळी घरी आले आणि त्यांनी वाडग्यात हिरवं पाहिलं.

"हे काय? परत हगवण लावायची का आईला?" असं म्हणून त्यांनी वाडगं उचललं आणि अंगणात भिरकावलं. शेळ्या धावल्या. मग भिंतीकडे बघून म्हणाले, "चार बुकं शिकली म्हणून डॉक्टरीण झाली काय, इचार तिला."

मी पदर सारखा केला आणि त्यांच्याकडे बघितलं. थेट बघितलं. आवाज फाटत होता, पण निघाला. "भाऊजी, आत्याबाईला कशाला इचारायलात, मलाच इचारा. डॉक्टरांनी सांगितलं तवा तुमी बी ऐकलं अन् म्या बी ऐकलं. त्येल तुमी बैलाला लावलं. एक डोळा गेला. दुसऱ्याच्या आड येऊ नका."

चूल बोलली असती तर व्हावा तसा त्यांचा चेहरा झाला.

कोपऱ्यातून आत्याबाई म्हणाल्या, "पोरी, परत वाढ. म्या पांढरं सोडलंय. हिरवं कवा सोडलं?"

दीर चप्पल घालून निघून गेले. दोन महिने ते माझ्यावरच्या रागानं घरात कुणाशी बोलले नाहीत, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. मी रोज पाला आणला. कधी शेवग्याचा, कधी चाकवत. बाजारच्या दिवशी मी दोन कोंबड्या विकून काळीज आणलं. तेही आत्याबाईंनी खाल्लं, ते लालच होतं. उन्हाळा लागला तेव्हा एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "ती काळी शेळी लंगडायलीय, बघ जरा." दिवस मावळलेला होता.

त्यांचा उजवा डोळा शेवटपर्यंत राहिला. दीर गावात सांगायचे, देवानं एक डोळा घेतला, एक ठेवला. बायकाही म्हणायच्या, सुनेनं लय सेवा केली. मी हो म्हणायची आणि खाली बघायची. पण दवाखान्यातून आलो त्या दिवसापासून माघापर्यंत जवळजवळ दोन महिने होते. तेवढे दिवस मी रोज सकाळी चूल पेटवत होते, त्या कण्या माझ्याच हातानं शिजवत होते, आणि डावा डोळा कशानं वाचेल ते मला पाठ होतं. दिरांना तरी काय बोल लावू, त्यांना खरंच कळलं नसेल. मला कळलं होतं.