लाखेचा वास
परवा पोस्टात पार्सलवर लाख वितळवली आणि त्या वासासरशी वेलचेरीतलं ते मतदान केंद्र आठवलं. “मतदानाआधी टाकलेली चाचणीची मतं पुसा, मगच यंत्र सील करा,” असं निवडणूक अधिकारी म्हणून प्रशिक्षणात मी घसा कोरडा करून सांगितलं होतं. तरी केंद्रप्रमुख बाई सकाळच्या गडबडीत पुसायला विसरल्या आणि चाचणीच्या मतांत खरी मतं मिसळली. मोजणीला ते यंत्र बाजूला ठेवलं. जिंकणाऱ्याची आघाडी त्या यंत्रातल्या एकूण मतांपेक्षा मोठी होती, म्हणून नियमाप्रमाणे ते मोजलंच नाही. घरी आलो तर लिफ्टमध्ये त्याच केंद्रावर मत दिलेल्या शेजारच्या तंजावरी मामी. शाईचं बोट दाखवत मायेने म्हणाल्या, “एवढ्या उन्हात उभी राहिले, कण्णा. माझं मत मोजलं ना?” मी “हो मामी” म्हणालो. शाई केव्हाच गेली. लिफ्टमध्ये माझी नजर अजून त्या बोटावर जाते.