जिन्याखालचा दुसरा मीटर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझी रक्तातली साखरसुद्धा माझ्याआधी कळते.

सरकारी सवलतींवर मी जन्मभर कुजकं बोलत आलो. कॉलेजात इतिहास शिकवायचो. दान थोडं आणि शिलालेख मोठा, ही राजेलोकांची सवय वर्गात रंगवून सांगायचो. वीजबिलावरची सवलतीची ठळक ओळ मला त्यातलीच वाटायची. नियम तुम्हाला ठाऊक असेल — महिन्याची युनिटं ठरलेल्या हद्दीत राहिली तर बिल नावापुरतं. हद्द ओलांडली की सवलत गेली. आणि हा टर उडवणारा माणूस, रीडिंग घेणारा यायचा त्या आठवड्यात, रोज सकाळी चष्मा पुसून मीटरसमोर उभा असायचा. काहून? त्याच सवलतीसाठी. दुसरं काय?

जिन्याखाली दोन मीटर आहेत. एक माझा, दुसरा खालच्या भाडेकरूंचा. वानखेडे शहराबाहेर रांझीच्या कारखान्यात कामाला. त्याची बायको मीना घरी इलेक्ट्रिक मशीनवर ब्लाउज शिवायची. दोघंही हद्दीच्या आत, जपून राहणारे.

एका उन्हाळ्यात माझी पाण्याची मोटर जळली. नवी बसवताना इलेक्ट्रिशियननं विचारलं, "सर, किस मीटर पे डाल दूँ?"

मी नुसतं बोट दाखवलं. दुसऱ्या मीटरकडे.

त्या महिन्यात माझी सवलत टिकली. त्यांची गेली.

मग खालच्या घरात संशय शिरला. वानखेडेला आधी मीटर तेज पळतो असं वाटलं, मग रीडिंग घेणारा चोर वाटला. मी मान डोलावत राहिलो — सरकारी खात्यावर संशय घ्यायला माझ्याइतका तयार माणूस कुठे मिळणार? एकदा तो सांगायला आला, रविवारी सकाळी सातला सगळी बटणं बंद करून मीटर तपासतो. त्या रविवारी मी नऊपर्यंत मोटर लावली नाही. मीटर निर्दोष सुटला.

आता उरलं काय? मीनाची मशीन.

ती वर आली, हातात अर्धवट शिवलेली बाही. "सर, तुम्ही यांना सांगा ना. हे रोज मलाच बोलून राहिले. मशीन एवढी वीज खाते का? तुमचं ऐकतात ते."

ऐकायचा, हे खरं. दोन दिवसांनी त्यानं जिन्यातच मला विचारलं. मीना दारात उभी होती. एक वाक्य पुरलं असतं — नाही, मशीन इतकी खात नाही. त्यापुढचं सांगायचीही गरज नव्हती. मी काय म्हणालो?

"खात असणारच. मोटर शेवटी मोटर आहे."

हे मी म्हणालो. मोटर हाच शब्द माझ्या तोंडी आला. मीनानं माझ्याकडे पाहिलं, मग वानखेडेकडे, आणि आत गेली.

मशीन बाजारातल्या कमानिया गेटजवळच्या एका दुकानदारानं विकत नेली. पुढच्या महिन्यात बिल पुन्हा हद्दीबाहेर आलं, तेव्हा वानखेडे तिला काय म्हणाला ते मला जिन्यात ऐकू आलं. तो म्हणाला, तू दिवसा चोरून काय चालवतेस? दिवाळीनंतर त्यांनी कारखान्याजवळ खोली घेतली. जाताना मीना पाया पडली. तिला कळलं होतं का? ती वाकली असताना मी तिचा चेहरा शोधत होतो. मला फक्त भांग दिसला.

त्यानंतरही मी वायर बदलली नाही. खालच्या खोल्यांना कुलूप, आत एक दिवा नाही. सकाळी मी मोटर लावायचो आणि जिन्याखाली येऊन उभा राहायचो. माझा मीटर शांत असायचा. शेजारच्या मीटरचा लाल दिवा भराभरा लुकलुकत असायचा.