नखं दिसली पाहिजेत

पोलिसांकडे चोरांचे किस्से असतात, डॉक्टरांकडे पेशंटचे. आमच्याकडे चिखलाचे. नोकरी संपत आली की लक्षात येतं, फाइली सगळ्या ऑफिसात राहतात, किस्से तेवढे आपल्याबरोबर घरी येतात. चार मित्र जमले की मी एखादा काढतो. सगळे हसतात, मीही हसतो. अलीकडे मात्र हसून झाल्यावर मला त्या किस्स्यातली माणसं आठवत राहतात.

माझं काम सांगायला सोपं, पटवायला अवघड. बांधकामाच्या जागी जमीन उकरतात, मुरूम टाकतात, सिमेंट कालवतात. पाऊस आला की ते सगळं वाहत नाल्यात, नाल्यातून तलावात. ते जागच्या जागी अडवायची जबाबदारी बांधणाऱ्याची, आणि त्यानं अडवलं की नाही ते पाहायची आमची. आम्ही म्हणजे तिघं: मी, पाण्याचे नमुने घेणारा रहांगडाले आणि जीपचा ड्रायव्हर सेवकराम.

माझे सासरे तिरोड्याकडचे, हाडाचे शेतकरी. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी कामाचं विचारलं. मी अर्धा तास समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे पानी आलं का माती वाहून जाते, हे पाहाचा सरकार तुमाले पगार देते?"

मी हो म्हणालो. ते सासूबाईंकडे वळले. "पोरगी सुखात राहीन."

*

आता हे पुढचं सगळं एकाच जागेचं. सौंदडहून सडक अर्जुनीकडे जाताना हमरस्त्याला लागून एका कंपनीनं गोदामं बांधायला घेतली होती. वर उतारावर गोदामं, खाली गावचा जुना तलाव. गावाचं नाव सांगत नाही; ती माणसं अजून बाजारात भेटतात.

वाहून जाणारं पाणी तपासायचं म्हणजे पावसात जायला हवं, हे कोणालाही कळेल. पण तिथं जायचा रस्ता कच्चा. पहिल्याच जुलैत आमची जीप चाकाच्या वरपर्यंत रुतली आणि कंपनीच्याच ट्रॅक्टरनं ती ओढून काढली. ज्याला नोटीस द्यायची त्याच्याच दोरीनं बाहेर निघालो! तेव्हापासून आमच्या दौऱ्याचं वेळापत्रक बदललं. एक फेरी एप्रिलमध्ये, एक डिसेंबरात.

फॉर्ममध्ये रकाना असायचा, 'आवाराबाहेर गढूळ पाणी जाते काय?' मी भर उन्हात उभा राहून लिहायचो, 'नाही.' सही, शिक्का. खोटं एक अक्षर नव्हतं.

सेवकराम गोंदिया शहरातला, हिंदीतच बोलायचा. एकदा जीपला टेकून, टॉवेलनं घाम पुसत तो म्हणाला, "साहब, ये तो बिना दूल्हे की बारात है."

मी त्याला हसलो होतो. रागवायला हवं होतं, आणि त्याच्यावर नाही.

*

गाळ अडवायला जागेच्या खालच्या बाजूला खुंट्या ठोकून काळं जाळीदार कापड लावायचं असतं. माझ्या सांगण्यावरून कंपनीनं ते लावलं. मी फोटो काढले. पुढच्या एप्रिलमध्ये गेलो तर नुसत्या खुंट्या.

कापड सापडलं गावात, मोहाच्या झाडांखाली. वर मोहफुलं वाळत होती, मस्त पिवळी, एक कण मातीचा नाही. मी तावातावानं विचारलं, हे कोणी आणलं. एक म्हातारी पुढं आली, जराही घाबरली नव्हती. "पानी येवाले दोन महिने आहेत ना, बापा. तोवर उभं राहून तो कपडा काय करते? पानी येवाच्या आधी वापस देतो."

आणि बाईनं दिलं! जूनच्या पहिल्या आठवड्यात बायकांनी ते सगळं कापड नाल्यावर धुतलं, घड्या घातल्या आणि साइट इंजिनिअरच्या हातात दिलं. त्यानं ते तसंच कुलपात ठेवलं. नंतर कळल्यावर मी फोनवर ओरडलो, तर तो गोंधळून गेला. म्हणाला, "सर, इतकं स्वच्छ धुऊन दिलंय. पावसात लावलं तर परत खराब होईल."

*

हा इंजिनिअर स्वभावानं गरीब होता, शिकलेलाही होता. मी त्याला गाळ बसायला मोठा खड्डा खणायला सांगितलं. पाणी त्यात थांबेल, माती तळाशी बसेल, वरचं निवळ पाणी पुढं जाईल. खड्डा त्यानं झकास खणला, कडेनं दगड लावले, पाटी लावली. फक्त खणला तो उताराच्या वरच्या अंगाला. खालची जागा ट्रक वळवायला ठेवलेली होती.

पाणी वर कसं चढेल, असं मी विचारलं. तो म्हणाला, तपासणीच्या दिवशी टँकरनं भरून ठेवू.

रहांगडाले हे ऐकून खड्ड्याच्या कडेला जाऊन बसला. एकटाच हसत होता.

मी पंधरा दिवसांची नोटीस दिली. उत्तरात एक फोटो आला. खड्ड्याशेजारी मी उभा आहे, बोट दाखवतोय, आणि खाली लिहिलंय, 'अधिकाऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली काम पूर्ण.' माझ्या वरच्या साहेबांना तो फोटो आवडला. प्रकरण बंद झालं. मी पुन्हा उघडू शकलो असतो. उघडलं नाही.

*

त्या तलावाचं पाणी वाटायचं काम डोमाजी पुस्तोडे करायचे. जातीनं कोहळी. त्यांच्या पूर्वजांनीच तो तलाव बांधला असं गाव सांगतं. धानाच्या कुठल्या बांधीला, म्हणजे खाचराला, कधी पाणी सोडायचं, हे त्यांच्या शब्दावर चालायचं. शेवटच्या टोकाच्या बांध्या पार रेल्वे रुळाजवळ, आणि डोमाजींचा हिशोब त्या टोकापासून सुरू व्हायचा. तिथं पाणी पोचलं तरच वाटप खरं.

पाणी तपासायची त्यांची एक पद्धत होती. पावसानं उघडीप दिली की आठ दिवस थांबायचं. मग धोतर वर खोचून गुडघाभर पाण्यात उभं राहायचं आणि खाली पाहायचं. पायाची नखं दिसली पाहिजेत. दिसली की पाणी सोडायचं. नाही दिसली तर थांबायचं, कारण गढूळ पाणी सोडलं तर पाट भरतो, बांधीत साका बसतो आणि तलावाचा तळही वर येत जातो. त्यांच्या बापानं हेच केलं होतं, त्याच्या बापानंही.

गोदामांच्या दुसऱ्या पावसाळ्यात डोमाजी बसनं आमच्या ऑफिसात आले. उघडीप पडून वीस दिवस झाले होते आणि नखं दिसत नव्हती. "साहेब, टोकावरचा धान पान्याविना वारून राहिला. पानी सोडू का नको सोडू? तुमी तपासून सांगा."

मी रहांगडालेला पाठवलं. महिन्याभरात प्रयोगशाळेचा अहवाल आला: गढूळपणा मर्यादेत. मी स्वतः गावात जाऊन, तलावाच्या पाळीवर उभं राहून त्यांना तो वाचून दाखवला. ते म्हणाले, मले तर नाही दिसत. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "बाबाजी, मशीन खोटं बोलत नाही. वय झालं, डोळे थकले असतील तुमचे."

त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग पाण्याकडे. मग मान हलवली. दुसऱ्या दिवशी पाणी सोडलं.

हे वाक्य मी का बोललो, देव जाणे. चांगल्या मनानंच बोललो होतो.

*

रहांगडालेचा हा किस्सा ऑफिसात सगळ्यात जास्त चालतो. तो रिटायर झाला त्या दिवशी चहा, समोसे, हार असं सगळं झालं. भाषण करायला उभा राहिला आणि नव्या मुलीला, जी त्याच्या जागी येणार होती, कामातल्या खुब्या सांगू लागला.

"बाई, बाटली भरली का लगेच नाही पाठवाची. अर्धा तास ठेवाची. माती खाली बसते. मंग वरचं पानी दुसऱ्या बाटलीत घेवाचं. गढूळ बाटली गेली का प्रयोगशाळावाले वापस पाठवतात, म्हनतात यंत्र जाम होते. माही बाटली दहा वर्षांत एकदाबी वापस नाही आली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या! मीही वाजवल्या, दोनतीन. मग हात थांबले. गढूळपणा मोजायला पाठवलेलं पाणी हा माणूस दहा वर्षं निवळून पाठवत होता. निष्ठेनं, एकही दिवस न चुकता. आणि मी त्यावर सही करत होतो. समोसा हातात तसाच राहिला. मला पाळीवर उभे राहिलेले डोमाजी दिसत होते.

*

दुसऱ्याच आठवड्यात मी त्या गावात गेलो. गोदामं बांधून झाली होती, रंगही लागला होता. आता नोटीस देऊन वाहून गेलेली माती परत येणार नव्हती. मी गेलो होतो फक्त माफी मागायला. सेवकरामला जीप लांबच थांबवायला सांगितली आणि काय बोलायचं ते मनात जुळवत पायी निघालो.

डोमाजी पाळीवर बसले होते. डोळ्यांवर काळा चष्मा. शेजारी त्यांची म्हातारी. मला पाहून ते उठले, बसायला जागा दिली, आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगू लागले. तुम्ही सांगितलं तेव्हा पटलं, म्हणाले. तुमच्या कागदावर पाणी चांगलं, म्हणजे खोट डोळ्यातच. टोकावरचा धान त्या वर्षी गेला, तोही आपल्याच नजरेपायी, उगाच दीड महिना पाणी अडवून ठेवलं म्हणून. मग गोंदियाला जाऊन मोतीबिंदू काढून आले. आता बसवरची पाटी वाचता येते, झाडावरचा पोपट दिसतो.

"पन नखं काही दिसत नाहीत, साहेब," ते म्हणाले. "डाक्टर म्हनते डोरा चांगला आहे. मले वाटते ऑपरेशन बिघडलं. तुमी जरा पाहता का?"

त्यांनी चष्मा म्हातारीकडे दिला, धोतर खोचलं आणि पाण्यात उतरले. पूर्वी पाचसात पावलं जावं लागायचं, आता पंधरा गेले तेव्हा कुठं गुडघ्याला पाणी लागलं. वळून माझ्याकडे पाहू लागले.

मी बूट काढले, पँट वर केली आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. तळाचा गाळ मऊ होता, घोट्याच्या वर आला. आम्ही दोघं खाली वाकून बराच वेळ पाहत होतो.

"माहे पाय दिसून राहिले का?"

"नाही, बाबाजी."

"तुमचे तुमाले?"

"माझेही नाही."

त्यांच्या चेहऱ्यावरची सगळी काळजी एकदम गेली. इतका मोकळा हसताना मी त्या माणसाला कधी पाहिलं नव्हतं. पाळीवर बसलेल्या म्हातारीला त्यांनी हाक मारून सांगितलं, "अवो, डोरा चांगला आहे माहा! साहेबालेबी नाही दिसत!"