उजव्या खिशाची टीप

“टीप आतून उसवली होती, मी एवढंच म्हणाले.”

इल्डा पेनिकुकच्या तोंडून हे वाक्य मी एकदाच ऐकलं. तिच्या-माझ्या दुकानांमध्ये फक्त एक लाकडी फळी होती. अलीकडे मी घड्याळं दुरुस्त करायचो, पलीकडे ती शाळेचे गणवेश शिवायची. बावीस वर्षं तिच्या मशीनच्या आवाजावर मी वेळ ओळखत आलो. दुपारी मशीन थांबलं की ती ब्रेडफ्रूट, म्हणजे नीरफणस, भाजायला ठेवायची, आणि अर्धं फळीवरून माझ्याकडे सरकवायची.

“ऑझी, खा. तुझ्या घड्याळांना भूक लागत नसेल, तुला लागते.”

ती कडक बाई होती. मापात अर्धा इंच कमी भरलं तर गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची की कापड कमी आहे, बाही आखूड होईल. कुणी म्हणालं, “चालेल, मिस इल्डा, कोण बघतंय,” तर म्हणायची, “मी बघतेय ना.” नवरा बोटीवर गेला तो परत आला नाही. त्याच्याबद्दलही ती वाईट बोलायची नाही आणि चांगलंही बोलायची नाही. जेवढं ठाऊक तेवढंच बोलायचं, हा तिचा स्वभाव.

एक्क्याण्णव साली तिला ज्यूरीचं, म्हणजे खटल्यात निकाल देणाऱ्या बारा साध्या माणसांत बसायचं, बोलावणं आलं. आमच्या गावचं कोर्ट बाजाराच्या वर आहे. खाली सुरणाचे ढीग आणि खारवलेली मासळी, वर लाल झग्यातला न्यायाधीश. लिन्वल स्वेबी नावाच्या पोलिसावर खुनाचा खटला होता. ब्रेडनट हिलवर, भर दुपारी, त्यानं एव्हराल्ड डेकर्सला त्याच्याच अंगणात गोळी घातली होती. एव्हराल्ड गिलावा करायचा. वय एकतीस. पोलीस एका दरोडेखोराला शोधत आले होते आणि एव्हराल्ड तो नव्हता, एवढं दोन्ही बाजूंना मान्य होतं. त्याच्या उजव्या खिशात मतदार कार्ड सापडलं. दुसरं काहीच नाही.

स्वेबी म्हणाला, त्यानं खिशात हात घातला, मला वाटलं पिस्तूल काढतोय. एव्हराल्डची आई झेट डेकर्स आणि शेजारीण म्हणाल्या, त्याचे हात डोक्यावर होते.

आठ दिवस खटला चालला. नवव्या दिवशी न्यायाधीशानं ज्यूरीला कायदा समजावून सांगितला. मी त्या दिवशी दुकान बंद ठेवून गॅलरीत बसलो होतो. तो हळू बोलत होता, लहान मुलांना गणित शिकवावं तसा. म्हणाला, आरोपीला आपल्या जिवाला धोका आहे असं प्रामाणिकपणे वाटलं असेल, आणि त्या वाटण्याच्या मानानं त्यानं केलं ते वाजवी असेल, तर तो दोषी नाही. त्याचं वाटणं चुकीचं होतं, एवढ्यानं तो दोषी ठरत नाही. त्याला तसं वाटलंच नव्हतं, हे सरकारनं सिद्ध करायचं. तुमच्या मनात शंका राहिली, तर तिचा फायदा त्याला.

‘प्रामाणिकपणे’ हा शब्द त्यानं किती वेळा उच्चारला कोण जाणे. गॅलरीतल्या लोकांनी बाकीचं सगळं गळू दिलं आणि तेवढाच शब्द झेलला. माझ्या शेजारचा मच्छीमार कुजबुजला, “ऐकलंस? जज त्याला प्रामाणिक म्हणतोय.” मी म्हटलं, “त्याला नाही, त्याच्या समजुतीला.” तो म्हणाला, “ऑझी, समजूत काय एकटी फिरते? माणसाच्या डोक्यातच असते ना?”

बारा माणसं आत गेली. चार तासांनी बाहेर आली. दोषी नाही.

एकदा सुटलेल्या माणसावर त्याच गोळीसाठी पुन्हा खटला चालत नाही. स्वेबी मागच्या जिन्यानं उतरून गेला. झेट डेकर्स बाकावर बसून राहिली, शिपायानं दार लावायला घेतलं तोपर्यंत.

पुढं महिनाभर बाजारात तो शब्द उनाड जनावरासारखा फिरत होता. सुरणवालीनं वजनात मारलं आणि गिऱ्हाईक भांडलं, की ती छातीवर हात ठेवायची: “बाई, मला प्रामाणिकपणे वाटलं, चार पौंड आहे.” दुसऱ्याच्या बायकोकडे जाणाऱ्याला लोक म्हणायचे, “त्याला प्रामाणिकपणे वाटलं, आपलंच घर आहे.” लोक हसायचे. इल्डा मासळी घ्यायला गेली की हसणं थांबायचं, आणि ती पाठमोरी झाली की पुन्हा सुरू व्हायचं. ती बारांपैकी एक होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. खोलीत काय झालं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तिनं मलाही सांगितलं नाही. फक्त तिचं मशीन मध्येच थांबू लागलं, विनाकारण, भलत्या वेळी. माझी घड्याळं तेवढी पुढं चालत राहायची.

नोव्हेंबरात एका सकाळी झेट डेकर्स दुकानात आली. बगलेत वर्तमानपत्राचं पुडकं होतं. डोंगरावरून चालत आली होती, बुटांना लाल माती होती. इल्डा उठून उभी राहिली.

“बस, मिस इल्डा,” झेट म्हणाली. “मी भांडायला नाही आले. विजार शिवून हवीय.”

पुडक्यात खाकी विजार होती. कोर्टानं परत केलेली, पट्ट्याच्या जागी अजून नंबराची चिठ्ठी टाचलेली.

“धाकट्याला होईल,” झेट म्हणाली. “चांगलं कापड आहे. उजवा खिसा तेवढा उसवलाय. तुझ्या हातचं काम चांगलं, असं ऐकलंय.”

“मी कोण आहे ते तुला ठाऊक आहे?”

“आठ दिवस तुझ्या तोंडाकडे बघत होते. पहिल्या ओळीत, डावीकडून तिसरी. निळी टोपी. तू एकटीच जांभई देत नव्हतीस.”

इल्डा बसली. विजार मांडीवर घेतली, खिसा उलटा केला आणि तशीच थांबली. फळीच्या फटीतून मला तिची बोटं दिसत होती. उसवलेल्या कोपऱ्यावरून ती अंगठा फिरवत होती, दुखऱ्या जागेवरून फिरवावा तसा.

“हा खिसा मी पाहिलाय,” ती म्हणाली. “आतल्या खोलीत. सात जण दोषी म्हणत होते, पाच जणांचं ठरत नव्हतं. मी सातांतली होते. मग ही विजार टेबलावर आली. मी शिवणारी बाई, झेट. माझा हात आपोआप शिवणीकडे गेला. टीप आतून उसवली होती, मी एवढंच म्हणाले. कोपऱ्यावर ताण आतून आलाय. हात खिशात असताना माणूस कोसळला, म्हणून धागा तुटला. त्याचा हात डोक्यावर नव्हता.”

झेट उलट्या खिशाकडे बघत होती.

“तुम्ही दोघी म्हणालात डोक्यावर. कापड म्हणालं खिशात. पोलीस तेच म्हणत होता. मग त्याला खरंच भीती वाटली असेल, ही शंका मला काढून टाकता येईना. माझ्यानंतर बाकीचे एकेक करून वळले. माझ्यामुळं सुटला तो. तुला हे कुणीतरी सांगायला हवं होतं.”

बाहेर बाजारात कुणीतरी मिरच्यांचा भाव ओरडत होतं. झेट खुर्चीवर बसली, तिनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“होता,” ती म्हणाली. “हात खिशात होता.”

इल्डानं मान वर केली.

“आधी डोक्यावर होते. दोन्ही. कोर्टात मला विचारलं, पोलिसानं बंदूक रोखली तेव्हा हात कुठं होते. मी म्हटलं डोक्यावर. होतेच. मग स्वेबी ओरडला, कागद दाखव, तू कोण आहेस त्याचा कागद दाखव. माझं पोर सांगितलेलं ऐकणारं. त्यानं हात खाली घेतला, कार्ड काढायला.”

“कोण म्हणालं कागद दाखव?”

“स्वेबी. दुसरं कोण होतं तिथं?”

“हे तू कोर्टात बोलली नाहीस.”

“कुणी विचारलं नाही. आणि मीही विषय काढला नाही. शेजारणीलाही म्हटलं, खिशाचं नाव काढू नकोस. खिशाचं नाव काढलं तर पोलीस माझ्या पोरालाच गुन्हेगार ठरवतील. त्याचं भलं होईल म्हणून गप्प बसले मी.” तिनं टोपीची कड चिमटीत धरली. “मला तसं वाटलं, मिस इल्डा. प्रामाणिकपणे वाटलं.”

मी हातातलं घड्याळ खाली ठेवलं. या शब्दावर महिनाभर गाव हसलं होतं. आता तो झेटच्या तोंडून आला आणि त्यात हसण्यासारखं काही उरलं नाही.

इल्डा रडली नाही. तिनं सुईत खाकी दोरा ओवला. मशीनला हात लावला नाही, हातानं शिवू लागली. जुन्या भोकांतूनच सुई काढत होती, एकही नवं भोक न पाडता. कोपऱ्यावर तिनं टीप दुहेरी केली, मग त्यावर पुन्हा एकदा. एवढी पक्की टीप तिनं कधी शाळेच्या पोरांच्या खिशालाही घातली नव्हती. गाठ मारली, दोरा दातानं तोडला. नंबराची चिठ्ठी सोडवून मशीनवर ठेवली. विजारीची घडी घातली.

“तू तिथं होतीस,” झेट म्हणाली. “जजचं सगळं ऐकलंस. मला त्यातलं एवढंच कळलं नाही. रोज विचार करते. कागद त्यानंच मागितला, आणि कागद काढायला गेलेल्या हाताला तो भ्याला. मग तो प्रामाणिक होता का?”

इल्डानं घडी तिच्या मांडीवर ठेवली. ज्यूरीत घातलेल्या, खुंटीवरच्या निळ्या टोपीकडे हात नेला, आणि तो तसाच खाली घेतला. मग झेटच्या खुर्चीला वळसा घालून, माझ्या फळीसमोरून, बोडक्या डोक्यानं ती उन्हात निघून गेली.