मंदाला खड्डा हवा होता

हॉस्पिटलात मी मंदाला शेवटची भेटले, तेव्हा तिला स्वतःच्या तापाचं काही पडलेलं नव्हतं. डेंग्यूनं तोंड उतरलेलं, हाताला सलाइन, ओठ सुकलेले, आणि बाई मला विचारते काय, तर मागावर कापड टाकलंस का? मी म्हटलं, टाकलं. मग म्हणे, जाड चादर टाकलीस की नुसता पंचा? तिथं मांजर येतं, ताण्याच्या उभ्या धाग्यांत नखं अडकवतं. मला असा राग आला! प्लेटलेट उतरत चालल्यात, डॉक्टर नीट काही सांगत नाहीत, आणि हिला मांजराची काळजी. "गप पड," म्हणून मी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि दुकान उघडायला निघाले. माझं फ्रेमा करायचं दुकान आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोला पट्टी कापत होते, तेव्हा फोन आला... काय बोलले, कुणाशी बोलले, काही आठवत नाही. शटर ओढलेलं आठवतं. आता दोन महिने होत आले. रोज दुपारी अजूनही वाटतं की ही येईल, स्टुलावरची माझी कात्री बाजूला सारून तिथं बसेल आणि म्हणेल, "शोभे, चहा सांग."

पेपरात चार ओळी आल्या. त्यात तिला 'वस्त्रकलावंत' म्हटलं होतं. मंदानं ते वाचलं असतं तर पोट धरधरून हसली असती. ती स्वतःला घोंगडी विणणारी म्हणायची आणि तेवढंच म्हणायची. चित्रकलेच्या कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. ती वैजापूरकडच्या एका वाडीवरून आलेली, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातली. पहिल्या दिवशी सगळ्या पोरी नवे कोरे रंग घेऊन आलेल्या आणि ही कागदावर बोटं फिरवत बसलेली. मी विचारलं, काय बघतेस गं? तर म्हणे, कागद गुळगुळीत लई हाय, हाताला काही लागतच नाय. त्या दिवसापासून आमचं जे जमलं ते जमलं. भांडणं तर इतकी झाली की विचारू नका. मी म्हणायची, तुझं काम भिंतीवर टांग, मी फुकट फ्रेम करून देते. ती म्हणायची, घोंगडी बसायला असते, टांगायला नाही. यावर आमचं कधी म्हणजे कधीच एकमत झालं नाही.

पण तिचं खरं भांडण होतं ते वडिलांशी. आबांशी. घोंगडीचा माग जमिनीलगत असतो. विणणारा जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून काठावर बसतो, पायानं खालच्या फळ्या दाबतो आणि हातानं धोटा फेकतो. खड्डा नाही तर माग नाही. आणि आबांच्या घरचा शिरस्ता असा, की लोकर कातायची बायांनी आणि विणायचं बाप्यांनी. बाईनं त्या खड्ड्यात पाय घालायचा नाही. मंदा नववी-दहावीत असताना एकदा आबा वैजापूरच्या बाजाराला गेले, तर ही शहाणी उतरली की खड्ड्यात! वीतभर विणून काढलं. आबा आले, त्यांनी बघितलं, रागावले नाहीत, ओरडले नाहीत. शांतपणे बसले आणि तिनं विणलेलं सगळं उसवून टाकलं. ही गोष्ट मंदानं मला पुष्कळदा सांगितली आणि दर वेळी हसत हसत सांगायला घेतली. शेवटपर्यंत हसत कधी सांगता आली नाही तिला.

शहरात आली तरी खड्डा कुठला मिळायला? मुकुंदवाडीत तिसऱ्या मजल्यावर तिची भाड्याची खोली. शाळांमधून चित्रकलेचे तास घ्यायची, लग्न केलं नाही, आणि सुट्टीत हर्सूलकडं एका ओळखीच्याच्या मोकळ्या जागेत लोकर पिंजत बसायची. उभ्या चौकटीवर विणून बघितलं, टेबलावर विणून बघितलं. चांगलं व्हायचं की! लोक वाखाणायचे. ही मात्र तोंड वाकडं करून म्हणायची, पाय अधांतरी असले की हात खोटा चालतो. आबांच्या मागासारखा माग, जमिनीतला, आणि त्यावर आपल्या नावाची एक घोंगडी... एवढं एकच खूळ होतं तिच्या डोक्यात. वयाची पन्नाशी जवळ आली तरी ते गेलं नाही.

आणि मग शहरातल्या कलावंतांसाठी ते अनुदान निघालं. संस्थेला नाही, मंडळाला नाही, एकेकट्या कलावंताला. एक माणूस, त्याचं एक काम, आणि ते काम करायला वर्षभराची सोय. शेवटी सगळ्यांचं मिळून प्रदर्शन. मीच तिला ओढत नेलं अर्ज करायला. पहिल्या वर्षी समितीपुढं बोलावणं आलं तेव्हा मी दाराबाहेर उभी होते, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. आत गेल्या गेल्या हिनं आबांनी विणलेली जुनी घोंगडी फरशीवर अंथरली आणि हात जोडून कडेला उभी राहिली. समितीचे लोक खुर्च्यांवर. ते वाट बघतायत ही कधी बोलते याची, आणि ही वाट बघतेय ते कधी खाली येऊन बसतात याची! घोंगडी अंथरली की आधी पाहुण्यानं बसायचं, मग कामाचं बोलायचं, हे तिच्या हाडात भिनलेलं. एकानं घड्याळ बघितलं, एकीनं कागद चाळले. वेळ संपली आणि पुढचं नाव पुकारलं. नकार आला, कारण लिहिलं होतं, सादरीकरण अपुरं. मी डोक्याला हात लावला. अगं, तोंड उघडायचं ना! तर ही मलाच समजावते, खुर्चीवरच्या माणसाला सांगून काय समजंल, शोभे?

दुसऱ्या वर्षी मी तिच्याकडून बोलणं घोटून घेतलं. बसा न बसा, तू बोलायला लाग, अशी तंबीच दिली. तर समितीतल्या एकांनी गमतीनं विचारलं, बाई, अनुदान खड्ड्यासाठी मागताय? शहरात खड्डे काय कमी आहेत? सगळे हसले. मी बाहेर दात-ओठ खात उभी. मंदा म्हणाली, "व्हय साहेब, लई हायेत. पण त्यात कुणी पाय सोडून बसू देत नाय." पुन्हा सगळे हसले, पण या वेळी तिच्या बाजूनं. आणि अनुदान मिळालं. त्या दिवशी आम्ही दोघी रिक्षात बसून अक्षरशः रडलो. रिक्षावाल्याला वाटलं कुणीतरी गेलं असावं. त्यानं रिक्षा कडेला घेऊन पाणी दिलं आम्हाला.

मुकुंदवाडीतच रशीदभाईंचं टायरचं गोडाऊन आहे. त्याच्या मागची पत्र्याची शेड तिनं भाड्यानं घेतली. खड्डा खणला त्या दिवशी माप घ्यायला मला बसवलं नाही, स्वतःच काठावर बसून पाय सोडायची आणि गड्याला सांगायची, अजून थोडं, अजून थोडं. हा खड्डा विणणाऱ्याच्या पायाच्या मापाचा लागतो. मग माग बसला. वाडीवरची काळी आणि पांढरी लोकर आली. चिंचोक्यांची खळ शिजली आणि ताण्याला चढली, तर त्या वासानं रशीदभाईंची पोरंटोरं नाक धरून पळायची. काळ्याभोर घोंगडीत एकच पांढरी रेघ जाणार होती, वेडीवाकडी. लहानपणी आबांच्या मेंढरांमागं जी वाट ती चालली, ती वाट. मी म्हटलं, रेघ सरळ तरी काढ, फ्रेमेत बरी दिसेल. म्हणे, मेंढरं सरळ चालतात व्हय?

अनुदानाचे पेढे घेऊन ती वाडीवर गेली होती. आबांनी पेढा हातात धरून विचारलं, कुणी दिलं? शहरानं दिलं, ही म्हणाली. आबा म्हणाले, शहराला घोंगडी कशाला पायजे? पण निघताना तिनं सांगून टाकलं, की नव्या मागावरची पहिली घोंगडी उतरली की घरातलं थोरलं माणूस आधी तिच्यावर बसतं, हे तुम्हीच शिकवलं, तर आता माझ्या मागावरची उतरंल तेव्हा तुम्ही यायचं. आबा म्हणाले, "बघू." एवढंच. पण त्या 'बघू'वर ही बाई वर्षभर जगली हो! रशीदभाईंना सांगून शेडपुढचे टायर हलवले, आबांच्या पायाला लागतील म्हणून. स्टेशनावरून शेड जवळ पडते, आबांना फार चालावं लागणार नाही, असं मला दहादा ऐकवलं. सणाला गेली की विचारायची, येता ना? तर ते मेंढरांचं काही काढायचे, गुडघ्याचं काही काढायचे. नाही म्हणाले नाहीत आणि आलेही नाहीत. घोंगडी संपत आली आणि हिला ताप आला.

ती गेल्यावर अनुदानाच्या कार्यालयातून मला बोलावणं आलं. तिथल्या बाई भल्या होत्या. म्हणाल्या, प्रदर्शन तोंडावर आहे, काम पुरं नसेल तर नियमानं ते लावता येणार नाही. मग आवाज खाली करून म्हणाल्या, वडील विणतात ना त्यांचे? त्यांनी उरलेलं विणलं तर कुणाला कळतंय... मला ते पटलं, आणि आजही त्यात काही वावगं वाटत नाही. लोकांनी तिचं काम बघावं, तिच्या नावाची पाटी वाचावी, दुसरं काय हवं होतं मला? मी आबांना निरोप धाडला.

आबा आले. काळं-सावळं उंच शरीर, आता वाकलेलं, डोक्याला पागोटं, हातात काठी. मी चादर काढली. ते वाकून जवळ आले. मग विणलेल्या कडेवरून बोट फिरवत गेले आणि एका जागी थांबले. म्हणाले, उजवीकडं हात सैल धरायची. मी असतो तर सांगितलं असतं. मी कार्यालयाचं म्हणणं त्यांना सांगितलं, हात जोडले, म्हटलं, आबा, वीतभर तर राहिलंय, तुमच्या हातून होऊन जाईल. ते काठावर बसले आणि खड्ड्यात पाय सोडायला गेले. मंदा बुटकी. आबांचे गुडघे वर मागाच्या दांडीला लागले, पाय आत मुडपले, फळीवर टाच बसेना. एकदा या कुशीला वळून बघितलं, एकदा त्या. मग काठाला हात टेकून तसेच बसून राहिले, आणि मी पहिल्यांदा त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी पाहिलं.

"हा तिच्या मापाचा हाय, पोरी," ते म्हणाले. "माझा नाय."

मी म्हटलं, खड्डा खोल करून घेऊ. तर ते चिडले. म्हणाले, एकदा तिचं उसवलं ते लई झालं. आता तिच्या विणण्यात हात घालायला सांगू नको. आणि कागदावर काम अपुरं म्हणून शेरा मारतील असं मी सांगितलं, तर म्हणाले, अपुरं हाय तर अपुरंच लिव्हतील ना, खोटं थोडंच लिव्हत्यात. प्रदर्शन झालं. मी गेले नाही. तिच्या फाइलीवर तो शेरा बसला, आणि मला तो अजूनही सुईसारखा टोचतो. आबांना टोचत नाही.

शेड रिकामी करायची म्हणून मी रशीदभाईंकडं गेले, तर त्यांनी मलाच गप्प केलं. "रहने देव बाई. मेरेकू वो जगा नक्को." त्यामुळं माग तिथंच आहे. लोकरीचा ताणा नुसता ठेवला तर कोरडा पडतो आणि पटापट तुटायला लागतो, म्हणून आबा येतात. आठवडा-पंधरा दिवसांनी सकाळच्या गाडीनं मुकुंदवाडीला उतरतात, रशीदभाईंच्या शेगडीवर खळ शिजवतात, ब्रशानं ताण्यावर हलक्या हातानं फिरवतात, चादर झाकतात आणि परतीच्या गाडीनं जातात. एक धागा पुढं विणत नाहीत. कशासाठी, किती दिवस, हे मी विचारत नाही, रशीदभाई विचारत नाहीत.

परवा मी त्यांच्या आधी पोचले होते. मी शेडमागं खळीचं पातेलं घासत होते, त्यामुळं त्यांना दिसले नाही; मला मात्र पत्र्याच्या फटीतून आतलं दिसत होतं. आबांनी दारात वहाणा काढल्या, काठी भिंतीला टेकवली आणि मागाकडं तोंड करून हळूच म्हणाले, "आलो गं, मंदे."