मोळीचा गुन्हा

चौक गावाजवळच्या शाळेत मी नववीला इतिहास शिकवते. त्या दिवशी वसाहतवादाचा धडा होता. युरोपातली माणसं इथवर कशासाठी आली, ते सांगताना मी खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराकडे हात केला. "इंग्रजांना रेल्वेसाठी, जहाजांसाठी साग हवा होता. म्हणून कायदा करून त्यांनी जंगल राखीव केलं. कालपर्यंत तिथून लाकडं आणणारा माणूस आज चोर ठरला."

वरच्या ठाकरवाडीतून येणारी एक मुलगी उभी राहिली. "बाई, मंग काल माझ्या आयेला पकडलं ते कोनी? इंग्रज तर गेलं ना?"

वर्ग हसला. ती हसली नाही.

शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर गेले. वनखात्याच्या कचेरीबाहेर वाडीतल्या बायका ठाण मांडून बसल्या होत्या. मुलीची आई म्हणाली, "सुकी फाटी व्हती, बाई. मला सोडलं, पन मोळी घेतली, कोयता बी घेतला. कोयता दिल्याबिगर आमी उठनार नाय."

मी आत गेले. अन्याय झाला तर कायद्याने भांडायचं, हे आमच्या बौद्धवाड्यात मी लहानपणापासून ऐकत आले. त्याच भरवशावर बोलले. साहेब तरुण होते, नम्र होते. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला.

"मॅडम, फांदी ओली होती असं गार्डचं म्हणणं आहे. केस झाली. कोयता आता मुद्देमाल आहे."

"पण हा कायदा मुळात इंग्रजांचा!"

"असेल. मी केलेला नाही, तुम्हीही नाही. पण मोडू कसा, सांगा."

मी समोरचा चहा प्याले.

बाहेर आले तेव्हा वाडीकडचा शेवटचा टेंपो निघत होता. घरी पोरं वाट बघत असणार. एक बाई उठली, मग दुसरी. मुलीची आई सगळ्यात शेवटी उठली. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तुमी तरी काय करनार?"

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर 'प्रतिकार' लिहिलं. आदिवासींचे उठाव सांगितले, आपल्याच जिल्ह्यातला जंगल सत्याग्रह सांगितला. ती मुलगी खाली मान घालून सगळं उतरवून घेत होती. तिने काही विचारावं म्हणून मी मधेमधे थांबत होते. मी थांबले की तीही पेन धरून पुढच्या वाक्याची वाट बघे.

कोयता आजवर मिळालेला नाही. मुलीच्या आईने दुसरा आणला आहे. सरपणाच्या फाट्यांना ती अजूनही त्याच डोंगरात जाते, पण आता कुणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून ओढ्यातून, वाकून.